रस्ता झाला

मंगळवारचा बाजार उठला तेव्हा बुआज्जा नालबंदाला वाटलं होतं, ही चार महिन्यांची गोष्ट आहे. सरकारचा गावातला माणूस, मुकद्दम अल्लाल, तसंच सांगून गेला होता. फुटबॉलच्या जागतिक सामन्यांसाठी स्टेडियम होणार, बाजाराच्या माळावर त्याच्या गाड्या लागणार, बाजार तेवढा पलीकडे सरकणार. तिथं पक्के ओटे, पाण्याची टाकी, नालबंदांना सावलीची वेगळी जागा. माळाच्या तोंडाशी एक मोठा फलक लागला, त्यावर ते सगळं रंगवलेलं होतं. रंगवलेल्या सावलीत एक गाढवही उभं होतं. औलाद रह्हू गावची माणसं त्या गाढवाला हसून गेली, कारण त्याला कान घोड्याचे काढले होते.

पाऊस तिसऱ्या वर्षीही फिरकला नाही. सातू पेरला तसा मातीत राहिला. मेंढरं आधीच्या वर्षी गेली होती. राहिलं होतं ते बुआज्जाच्या हातातलं काम, आणि ते काम बाजाराला बांधलेलं होतं. लांबलांबची माणसं मंगळवारी जनावर घेऊन यायची, बाजारहाट होईतो नाल ठोकून घ्यायची. नुसते नाल ठोकायला कोण कोसभर येतो? बुआज्जा आता आपल्या शहबा नावाच्या खेचरीवर पेटी लादून वस्त्या हिंडायला लागला. हिंडून हिंडून एखादं गाढव मिळायचं. गुडघ्यांत जनावराचा पाय धरून वाकला की त्याची कंबर वर यायला मागायची नाही. मालक आदरानं म्हणायचा, सी बुआज्जा, पुढचे दोनच ठोका, मागचे पुढच्या खेपेला. आणि बुआज्जा पुढचे दोनच ठोकून, चहाचा पेला पिऊन, दुसऱ्या वस्तीकडं वळायचा.

त्याचा मुलगा जिलाली मात्र त्या साली कामाला लागला. स्टेडियममध्ये गवत अंथरायचं काम. गवताच्या वळकट्या थंड लॉऱ्यांतून यायच्या. त्या उलगडायच्या, कडेला कड जुळवायची, वरून पाणी धरायचं. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या पँटच्या घोट्यांना हिरवा रंग लागलेला असायचा. बायको तामू तो रंग घासून घासून काढायची. जेवताना तो सांगायचा, गवताखाली नळ्या आहेत, गवत तापलं तर गार करायला पंखे आहेत, पाणी तर माणसाला मिळत नाही असं.

त्याची आई हद्दा भाकर मोडता मोडता म्हणाली, "आपली मेंढरं असती नि सोडली असती, तर किती दिवस पुरलं असतं रे?"

सगळे हसले. जिलाली हसला नाही. "सगळ्या जगाची माणसं ते गवत बघणार आहेत, यम्मा," तो म्हणाला.

तामू डोंगरातली होती. कमी बोलायची, पण हसली की तोंडावर हात धरायची नाही, आणि हे हद्दाला आवडायचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि आता तिला दिवस गेले होते. गावच्या दवाखान्याशेजारी बाळंतिणींसाठी एक खोली मंजूर झाली होती. पाया भरून झाला, खांबांच्या सळया वर आल्या, आणि काम थांबलं. सळयांना लोक शेळ्या बांधायला लागले. बुआज्जा एकदा मुकद्दमाला त्याबद्दल विचारायला गेला.

"पैसा एकच आहे, सी बुआज्जा," मुकद्दम म्हणाला. "घरात लग्न निघालं की माणूस आधी मांडव घालतो. छप्पर नंतर शाकारतो."

"मांडवात जेवायला कोण?"

"सगळी दुनिया."

"आणि आपण?"

"आपण घरचे. घरच्यांनी शेवटी जेवायचं असतं."

बुआज्जाला ते त्या वेळी पटलंही. मुलाला काम मिळालं होतं. ज्याच्या मांडवात आपलं पोरगं राबतंय, त्या मांडवाला नावं कशी ठेवायची?

मग रस्ता आला. शहरापासून स्टेडियमपर्यंत सरळ, काळा, मधे खजुराची झाडं लावलेला. तो गाव आणि गावची विहीर यांच्या मधून गेला. आणि सामने जवळ आले तशी रस्त्याच्या कडेनं भिंत आली. माणसाच्या डोक्याहून उंच, बाहेरच्या अंगानं पांढरीशुभ्र, आतल्या अंगानं नुसत्या सिमेंटच्या विटा. मुकद्दम म्हणाला, गाड्यांचा आवाज गावाला लागू नये म्हणून बांधलीय.  गाड्या अजून सुरू व्हायच्या होत्या.

विहिरीवर जायला आता लांबचा फेरा पडू लागला. खाली ओढ्याजवळ रस्त्याखालून माणूस-जनावर जाईल एवढा एक बोगदा ठेवला होता, तिकडून. गावच्या बायका जनावरांवर पाण्याचे डबे लादून त्या वाटेनं जायच्या. पण भिंतीत एका जागी कामगारांनी ये-जा करायला फट ठेवली होती, आणि ऊन चढलं की बायका तिथूनच घुसायच्या. हद्दाही घुसायची. तिचा डावा गुडघा सुजलेला असायचा.

सामन्यांच्या आदल्या आठवड्यात ती शहबाला घेऊन त्याच फटीतून रस्ता ओलांडत होती. कसलीशी मोठी पाहणी चालू होती. पोलिसांची गाडी थांबली. त्यांनी हद्दाला काही केलं नाही. एकानं तर तिचे डबे उतरवून व्यवस्थित कडेला ठेवले. पण शहबाला त्यांनी मागून आलेल्या टेम्पोत चढवलं. रस्त्यावर जनावर दिसायचं नाही, असा हुकूम होता. भिंतीतली ती फटही त्याच दिवशी विटांनी बुजवली. हद्दा दोन्ही डबे हातांनी ओढत, थांबत थांबत घरी आली, आणि अंगणात बसून तिनं पहिल्यांदा गुडघ्याला हात लावला. "तिला चढवत होते तेव्हा तिनं माझ्याकडं मान वळवली," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बुआज्जा शहरातल्या कोंडवाड्यात गेला. पत्र्याच्या फाटकाआड गाढवं, खेचरं, दोन-तीन मोकाट गाई दाटीवाटीनं उभ्या होत्या. शहबानं त्याला ओळखलं, कान पुढं केले. खिडकीतला कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं बुआज्जाला आत बसवलं, सांगितलं की जनावरं सामने संपल्यावरच सुटणार, आत्ता कुणी दंड भरला तरी नाही.

"घरात सून दिवसांची आहे," बुआज्जा म्हणाला. "आमच्याकडं गाडी येत नाही. बाईला खेचरावरनंच खालपर्यंत न्यावं लागतं."

"आता रस्ता झालाय की तुमच्याकडं," कारकून म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

बुआज्जाला त्याला भिंतीचं सांगायचं होतं, बोगद्याचं सांगायचं होतं. पण मागं दुसरे लोक उभे होते. त्यानं बरोबर आणलेला पेंढ्याचा भारा फाटकावरून आत टाकला. दुसरीच जनावरं त्याच्यावर तुटून पडली. शहबा कोपऱ्यात होती, तिच्यापर्यंत काडी पोचली नाही.

पहिला सामना होता त्या सकाळी तामूला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून थोडे बाकी होते. जिलाली पहाटेच कामावर गेला होता. तिथं आत जाताना सगळ्यांचे फोन काढून घेत होते. गावातली बहुतेक तरणी पोरं तिकडंच होती, कुणी झाडायला, कुणी खुर्च्या पुसायला. सुईण लल्ला यामना आली. बराच वेळ तिनं तामूच्या पोटावर हात ठेवला आणि मग हद्दाला बाहेर बोलावून म्हणाली, मूल आडवं आहे, हे माझ्या हातचं काम नाही, गावच्या दवाखान्याचंही नाही, शहरात न्यायला हवं.

बुआज्जानं रुग्णवाहिकेला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, मोठा रस्ता बंद केलाय, वरून पाहुणे जायचे आहेत. तुम्ही बाईला बोगद्यापलीकडं आणा, गाडी जुन्या वाटेनं तिथं येईल.

आणायचं कसं? ऑलिव्ह झोडताना लावतात ती शिडी बुआज्जानं काढली. तिच्यावर रजई घातली, तामूला झोपवलं, दोराऐवजी हद्दाच्या दोन शालींनी बांधलं. उचलायला चार जण मिळाले, चौघंही म्हातारे. शेजारचा रहाल, त्याचा भाऊ, मशिदीत नमाज पढवणारा फकीह आणि बुआज्जा. शिडी खांद्यावर घेतली तेव्हा बुआज्जाच्या कमरेत कळ गेली, पण शिडी खाली गेली नाही. ऊन पांढरं झालं होतं. भिंतीच्या आतल्या अंगानं, त्या नुसत्या विटांना धरून धरून, ते चालले. वाटेत दोनदा शिडी टेकवावी लागली. तामू ओरडत नव्हती. शालीचं टोक तिनं तोंडात धरलं होतं. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तेव्हा तिनं फक्त डोळे मिटून घेतले.

बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी आडकाठी लावलेली होती, आणि एक तरुण पोलीस उभा होता. त्याच्या ओठांवर नुकतीच मिशी आली होती. शिडी बघून तो पुढं धावला, मग थांबला. रेडिओवर बोलला. पुन्हा बोलला.

"जरा थांबा, बाबा. गाड्यांचा ताफा वरून जातोय. तो जाईतो बोगद्यात कुणी असायला नको, असं सांगितलंय."

"गाडी पलीकडं उभी आहे," बुआज्जा म्हणाला. ती दिसत होती. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला, उजेडात, पांढरी.

"मला दिसतंय, बाबा."

"मग?"

पोलिसानं पुन्हा रेडिओ तोंडाजवळ नेला. त्यानं आपली पाण्याची बाटली हद्दाला दिली. बुआज्जानं आडकाठीवर हात ठेवला तेव्हा त्यानं तो हात हळूच उचलून बाजूला केला आणि म्हणाला, "माझी नोकरी जाईल. घरी आई आहे." त्याचा आवाज रडवेला झाला होता. बुआज्जानं मग हात पुन्हा ठेवला नाही. पुढं कित्येक दिवस त्याला तेच आठवत राहिलं, की आपण हात पुन्हा का ठेवला नाही.

लल्ला यामनानं म्हाताऱ्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं. ते चौघं उन्हाकडं तोंड करून, अंगातल्या जेलाब्यांचे, त्या लांब झग्यांचे, पदर पसरून आडोसा धरून उभे राहिले. वरून गाड्या जात होत्या, एकीमागून एक, भोंगे वाजवीत. कुठंतरी लांब ढोल सुरू झाले. मागं तामूचा एक आवाज आला, जनावराचा येतो तसा, आणि मग हद्दाचं पुटपुटणं. मग काहीच नाही.

आडकाठी उघडली तेव्हा पोलिसानं स्वतः शिडीला खांदा दिला. रुग्णवाहिका तामूला घेऊन गेली. लल्ला यामना तिच्याबरोबर गेली. हद्दाच्या हातात एक गाठोडं राहिलं. तिनं त्याच्यावरची शाल थोडी उघडून बुआज्जाला दाखवलं. मुलगा होता. केस दाट होते, ओले.

मूल दिवस मावळायच्या आत पुरायला हवं होतं, आणि जिलालीला निरोप पोचायला मार्ग नव्हता. ते तसेच कबरस्तानाकडं गेले. फकीहानं खड्ड्याजवळ बसून बुआज्जाला हळूच विचारलं. विचारणं त्याला भाग होतं. जे मूल जन्मून रडलं, त्याला नाव मिळतं, त्याच्यासाठी नमाज होते. जे रडलंच नाही, त्याला तसंच ठेवतात.

"रडला होता का?"

फकीह स्वतः तिथंच होता, बुआज्जाच्या शेजारी पदर धरून. त्यानंही काही ऐकलं नव्हतं. हद्दा मान खाली घालून बसली होती. रहालनं दुसरीकडं बघितलं.

"रडला," बुआज्जा म्हणाला. "गाड्यांच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नसेल. मी ऐकलं."

फकीहानं त्याच्याकडं बघितलं. मग उठला, हात झटकले आणि म्हणाला, "नाव सांगा."

बुआज्जानं इद्रीस हे नाव सांगितलं. चौघं एका रांगेत उभे राहिले. नमाज झाली.

जिलाली सकाळी आला. त्याच्या हातात कागदी पिशवी होती. कामगारांना वाटलेले पाव, रसाचे छोटे डबे. तो अंगणात येऊन बोलायला लागला, आपल्या लोकांनी जिंकलं म्हणून, आणि बोलता बोलता घरातली शांतता त्याच्या ध्यानात आली. पिशवी त्यानं उंबऱ्यावर ठेवली. ती तिथंच राहिली, मुंग्या लागेपर्यंत.

तामू चौथ्या दिवशी घरी आली. तिला नीट उभं राहता येत नव्हतं. तिनं पाणी मागितलं, मग विचारलं, "नाव?"

"इद्रीस," हद्दा म्हणाली. "बा म्हणाले, तो रडला होता. नमाज झाली, पोरी. सगळं रीतीनं झालं."

तामूनं बुआज्जाकडं बघितलं. तो दारात बसून पेटीतले खिळे निवडत होता, ज्यांची आता कुणाला गरज नव्हती.  त्या दिवसापासून सकाळची पहिली भाकर ती त्याच्या पुढ्यात ठेवायची, जिलालीच्या आधी. हद्दालाही ते दिसलं होतं.

सामने संपले. पाहुणे गेले. रस्त्यावरच्या खजुराच्या झाडांना पाणी घालणारी गाडी यायची बंद झाली, आणि त्यांची टोकं पिवळी पडली. शहबा कोंडवाड्यातून सुटून आली. बरगड्या दिसत होत्या, खूर वाढून पुढं आले होते. बुआज्जानं दिवसभर बसून तिचे खूर तासले. बाजाराच्या माळावर कुणीच गाडी लावत नव्हतं, पण तो बाजाराला परत द्यायचाही हुकूम आला नव्हता. रंगवलेला फलक वाऱ्यानं एका बाजूनं फाटला.

जिलालीचं काम राहिलं. स्टेडियममध्ये आता सामने नव्हते, तरी गवत जगवायला हवं होतं, आणि त्यासाठी थोडी माणसं ठेवली होती. कुणाला ठेवायचं ते दर महिन्याला ठरायचं, आणि गावातल्या पोरांची नावं मुकद्दम सांगायचा. घरात तेवढीच मिळकत होती. जिलाली संध्याकाळी यायचा, तामू त्याच्या पँटचे घोटे घासायची. पहिल्यासारखीच. फक्त आता घासताना ती त्याच्याशी बोलायची नाही.

वसंतात शहरातून एक गाडी आली. विद्यापीठातली एक मुलगी होती, डोळ्यांना चष्मा, पायांत धुळीनं भरलेले बूट. सामन्यांमुळं आसपासच्या गावांना काय लाभ झाला, ते ती घरोघर विचारत होती. मुकद्दम वाट दाखवायला बरोबर होता. बुआज्जानं त्यांना चटईवर बसवलं, उशा दिल्या. हद्दानं ऑलिव्हचं तेल आणि भाकर पुढं ठेवली. मुलगी नम्र होती. ती म्हणाली, मी सरकारची नाही, तुम्ही मोकळं बोला, जे असेल ते सांगा.

"बोला, सी बुआज्जा," मुकद्दमही म्हणाला आणि उशीला रेलला. "तुमचा जिलाली बरा आहे ना कामावर?"

"बरा आहे. देवाची कृपा."

मुलीनं विचारायला सुरुवात केली. घरात कुणाला काम मिळालं? मिळालं. कमाई वाढली? बुआज्जानं बाजाराबद्दल सांगावं की नाही याचा विचार केला, मग म्हणाला, वाढली म्हणायला हरकत नाही.  मुलीला काहीतरी जाणवलं असावं, कारण तिनं पुढचा प्रश्न मुकद्दमाकडं पाठ करून विचारला.

"आणि आजारीपण, बाळंतपण? दवाखान्याच्या बाबतीत काही फरक पडला?"

अंगणातून तामू चहाचं तबक घेऊन येत होती. बुआज्जाला ती दिसली. पेल्यासाठी मुकद्दमानं आधीच पुढं केलेला हातही दिसला. जिलाली त्या वेळी तिकडं गवताला पाणी धरत असेल, हे त्याच्या मनात आलं.

"पडला की," तो म्हणाला. "रस्ता झाला. आता दवाखान्यात लवकर जाता येतं."

तामूनं तबक खाली ठेवलं. तिनं पेले भरले, वरून, फेस येईल असे, पाहुण्यांसमोर भरतात तसे. मुकद्दमाला दिला, मुलीला दिला. बुआज्जाला दिला नाही. त्याचा पेला तबकात तसाच राहिला.

पाहुणे गेल्यावर तिनं आपले कपडे एका फडक्यात बांधले. हद्दानं तिला अडवलं, हात धरला, म्हणाली, नवऱ्याला तरी येऊ दे. तामूनं तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि हात सोडवून घेतला. भिंतीतली फट सामने झाल्यावर पुन्हा कुणीतरी फोडली होती. तिथं बुआज्जानं तिला गाठलं. तो धापा टाकत होता.

"पोरी, मला तसं बोलावं लागलं. जिलालीचं काम आहे."

"माहीत आहे, बा."

"मग?"

ती थांबली. फडक्याची गाठ तिनं पुन्हा आवळली.

"तो रडला नव्हता," ती म्हणाली. "माझ्याच पोटातून आला, मला कळणार नाही होय? तुम्ही तो रडला म्हणालात, म्हणून मी या घरात राहिले."

 

ती रस्त्यावर उतरली आणि डोंगराच्या दिशेनं चालायला लागली. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. बुआज्जा फटीत उभा राहिला, एक हात विटांवर टेकून. ती मागं वळली नाही. रस्ता अगदी सरळ होता, म्हणून ती खूप वेळ दिसत राहिली.